माद्रिदचा समुद्र

माद्रिदला समुद्र मी आणला. हे लिहिताना मला थोडी लाज वाटायला हवी, पण खरं सांगते, थोडी ऐटच वाटते. देशाच्या बरोबर मधोमध वसलेल्या शहरात एवढं पाणी नेऊन सोडायचं म्हणजे खायचं काम नाही. पाटबंधारे खात्याला जमलं नसतं. मला ते कसबा पेठेतल्या एका प्राथमिक शाळेत, तिसरीच्या वर्गात, शनिवारी शेवटच्या तासाला एका शब्दात जमलं. तो शब्द होता ‘होता’.

पण आधी मी तिथे पोचले कशी ते सांगते. म्हणजे शाळेत. माद्रिदला मी कधी पोचलेच नाही, आणि तोच तर सगळा घोटाळा आहे.

भोसरीतल्या एका पंपांच्या कारखान्यात मी चोवीस वर्षं काढली. पंप दक्षिण अमेरिकेत जायचे आणि त्यांच्याबरोबर जायची माहितीपत्रकं स्पॅनिशमध्ये करायला कोणीतरी लागायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन शिकलेली भाषा मी पुढे झडपा, दट्टे आणि नटबोल्ट खाऊ घालून वाढवली. त्यामुळे झालं असं, की स्पॅनिशमध्ये मला कोणी ‘कशा आहात?’ विचारलं तर मी जरा चाचपडते, पण ‘पंपातून घरघर आवाज येत असल्यास काय करावे’ यावर अस्खलित अर्धा तास बोलू शकते. माझी पत्रकं पेरूला गेली, चिलीला गेली. मी भोसरीहून चिंचवडला गेले, तेही एका लग्नाला.

कारखान्याने एके दिवशी पन्नाशीच्या माणसांना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. घरी बसून पुष्पगुच्छ सुकायच्या आत मला कळलं, की कसब्यातल्या एका मराठी शाळेला स्पॅनिश शिकवणारं माणूस हवंय. शाळेचा पट घसरत होता. पलीकडच्या चौकातल्या इंग्रजी शाळेने फ्रेंच सुरू केलं होतं, म्हणून आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, जर्मन सुरू करायचं ठरवलं होतं. जर्मनवाल्या बाई मिळाल्या नाहीत. मी मिळाले.

मुलाखत उभ्याउभ्याच झाली.

“मुलांना शिकवलंय कधी?”

“नाही.”

“स्पेनला जाऊन आलायत?”

“नाही.”

“मग येतं काय?”

“स्पॅनिश.”

“बरं. सोमवारपासून या.”

लक्षात घ्या, मोठ्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं होतं. माझ्या खोटेपणाला तिथे संधीच मिळाली नाही. ती मिळाली सोमवारी, वर्गात.

छत्तीस मुलं. कोणाचे वडील तांबट आळीत भांडी ठोकणारे, कोणाची आई मंडईत भाजी विकणारी, कोणाचे आईवडील कुठल्याशा कचेरीत. मी आत पाऊल टाकलं आणि छत्तीसही जण उठून उभे राहिले. नमस्कारासाठी ‘ओला’ कसं म्हणायचं ते शिकवलं, सकाळचं ‘बुएनोस दियास’ शिकवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलं ते थेट पाढ्यांच्या चालीत म्हणू लागली. “बुएऽऽनोस दीऽऽयास, सेन्योऽऽरा!” बे एके बे, बे दुणे चार यांचं सख्खं भावंड. स्पेनमधला माणूस ते ऐकून प्रार्थना चालू आहे समजून डोळे मिटून उभा राहिला असता.

मी तरुणपणी हौशी नाटकांत कामं केली आहेत. कामं म्हणजे ‘शेजारीण’, ‘दुसरी बाई’ आणि एकदा पडद्यामागून ‘गर्दीचा आवाज’. इथे मला आयुष्यात पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली होती, आणि प्रेक्षक तर असे, की ज्यांना उठून बाहेर जायला परवानगी काढावी लागते. अशात पहिल्याच बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. हा बुरूड आळीतला. त्याच्या घरी टोपल्या आणि सूपं विणतात, आणि तो प्रश्नही तसेच विणत असायचा, एकात एक.

“बाई, तुम्ही स्पेनला राहिलायत?”

खरं उत्तर अगदी छोटं होतं. पण त्याने ‘गेलायत का’ असं विचारलं नव्हतं, ‘राहिलायत’ असं विचारलं होतं. प्रेक्षकाने आपणहून देऊ केलेलं पद नाकारायचं माझ्यासारखीला कसं जमावं?

“तर!” मी म्हटलं.

मग काय, स्पेनमधलं घर आलं. घर आलं म्हणून घरमालकीण आली. घरमालकिणीला मांजर आलं, आणि ही घरमालकीण त्या मांजराशी अहोजाहोने बोलायची. “अहो, दूध घेताय ना?” “आपण माझ्या खुर्चीत का बसला आहात?” ही बाई मी हवेतून काढली नव्हती. आमच्या ह्यांच्या एक आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या, त्या मांजराशी असंच बोलत आणि माणसांशी अरेतुरे करत. मी फक्त त्यांना विमानात बसवून माद्रिदला नेलं. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं अरेतुरे आणि अहोजाहो वेगळं असतं. ते मोठमोठ्यांना उमगत नाही, आमच्या तिसरीला मांजरामुळे एका तासात उमगलं.

दर शनिवारी शेवटच्या तासाला ‘स्पेनची गोष्ट’ सांगायची असं ठरूनच गेलं. गोष्टीत नवा शब्द यायचा आणि तो मुलांना चिकटायचा. खिडकी म्हणजे ‘वेंताना’, कारण घरमालकीण खिडकीतून ओरडायची. टेबल म्हणजे ‘मेसा’, कारण मांजर त्यावर चढायचं. तिथे दुपारी दुकानं बंद ठेवून लोक झोपतात, असं मी डोळे विस्फारून सांगितलं, तेव्हा मात्र कोणावर काही परिणाम झाला नाही. “मग त्यात काय, बाई? आमचे बाबापण झोपतात,” असं तीन दिशांनी ऐकू आलं. एकदा शाळेचा नळ गळत होता, तेव्हा मी कारखान्यातल्या सवयीने ‘एम्पाकेतादूरा’ म्हणून गेले. पाणी गळू नये म्हणून आत गुंडाळतात त्या दोरीचं हे नाव. तो शब्द मुलांना इतका आवडला, की मधल्या सुट्टीत कोणी कोणाला पाडलं की पडणारा “एम्पाकेतादूरा!” असं ओरडत पडायचा.

आणि समुद्र?

त्या वर्षी तिसरीची अलिबागची सहल रद्द झाली. बसची परवानगी वेळेत आली नाही. बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. डबे काय आणायचे इथपर्यंत सगळं ठरलं होतं आणि शुक्रवारी सूचना आली. शनिवारी मी गोष्ट सांगायला उभी राहिले तर समोर छत्तीस सुतकी चेहरे. मी घरमालकिणीला संध्याकाळी फिरायला बाहेर काढलं. बुरूड आळीवाल्याने हात वर न करताच विचारलं, “बाई, तिथे समुद्र होता?”

माद्रिद कुठे आहे ते मला माहीत होतं. नकाशावर मी ते डोळे झाकून दाखवलं असतं. पण त्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि मी म्हटलं, “होता.”

पुढच्या आठवड्यात मुलांनी तो काढला. तपकिरी कागदाची लांबच लांब पट्टी भिंतभर चिकटवली. त्यावर निळ्या खडूच्या लाटा, होड्या, घोडागाडी, भेळेची गाडी, भाजलेली कणसं विकणारा माणूस आणि सगळ्यांच्या पुढे शेपटी वर करून चाललेलं मांजर. वर मोठ्या अक्षरांत: ‘माद्रिदचा समुद्र’. ते चित्र लागल्यावर मला एकदा हुडहुडी भरली होती. पण मुलं इतकी खुश होती, की हुडहुडीचा दोष मी पंख्यावर ढकलला.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी मोठ्या बाई एका मुलीचा हात धरून वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. आठ वर्षांची, कुरळ्या केसांची, दप्तर पोटाशी धरलेली.

“घ्या,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुमच्या माद्रिदची आहे.”

‘तुमच्या’वर जरा जोर होता, असं मला नंतर वाटलं. तिची आई मागच्याच गल्लीतली, आमच्याच शाळेत शिकलेली. वडील माद्रिदचे. हिंजवडीतल्या एका कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. मुलीला मराठी यावं म्हणून सगळे कसब्यात आजीकडे राहत होते, आणि वडील रोज सकाळी हिंजवडीला जाण्याचं आणि रोज रात्री तिथल्या वाहतुकीतून घरी परत येण्याचं धाडस करत होते.

“बाई, तुमच्या गल्लीतली आहे का बघा!” बुरूड आळीवाला आनंदाने ओरडला.

मी बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरचा समुद्र बघत होती. डावीकडून सुरुवात करून उजवीकडच्या कणीसवाल्यापर्यंत तिने तो पूर्ण वाचला. मग माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

आता ती हात वर करणार, असं मला त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशीही वाटलं. पंधरा दिवस वाटत राहिलं. तिने हात वर केला नाही. शनिवारी ती हनुवटी मुठीवर टेकवून गोष्ट ऐकायची, पापणीही न हलवता. मी भीतीने गोष्टीतून एकेक करून गाव काढलं, रस्ते काढले, फिरणं तर बंदच केलं. घरमालकीण घरात बसून नुसती हवापाण्यावर बोलू लागली. “बाई, आज गोष्ट अळणी झाली,” असा शेरा मिळाला. शेरा देणारी तांबट आळीतली एक मुलगी होती. तिचे वडील भांडं वाजवून चीर ओळखतात, आणि तिच्याही कानातून काही सुटायचं नाही.

घरी मी ह्यांच्या मागे लागले. हे वर्तमानपत्र वाचत होते.

“अहो, ती काहीच बोलत नाहीये.”

“मग चांगलंय की.”

“चांगलं कसलं? बोलली असती तर एकदाचं संपलं असतं.”

“मग तू बोल.”

“मी काय बोलू?”

“‘नाही’ म्हण.” ह्यांनी पान उलटलं. “जूनमध्ये म्हणायचं राहून गेलंय तेवढंच.”

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचं बरोबर असणं फार टोचतं. मी चहा केला, एकच कप.

त्या मुलीच्या गप्प बसण्याचा उलगडा मला शाळेच्या दारात झाला, बुधवारी. तिची आई तिला न्यायला आली होती. मुलगी मैदानात मैत्रिणींबरोबर पळत होती.

“बाई, दोन मिनिटं आहेत का? तुमच्या समुद्रावरून आमच्याकडे पंधरा दिवस लढाई चाललीय.”

“लढाई?” मी म्हटलं. आवाज ‘गर्दीच्या आवाजा’एवढा लांबून आला.

“बापलेकीची. ती म्हणते, माद्रिदला समुद्र आहे. तो म्हणतो, मी जन्मलो तिथे, नाहीये. तिने काय सांगावं? म्हणे, बाई तिथे राहिल्यात. त्याने मोबाइलवर नकाशा काढून दाखवला, तर म्हणते नकाशा जुना असेल.” बोलता बोलता ती हसली. “सगळं आमच्या आईमुळे. पहिल्या दिवशी आईने तिला बजावून सांगितलं, की ही मराठी शाळा आहे, इथे बाई सांगतील ते खरं. बाईंना उलटून बोलायचं नाही. घरी येऊनसुद्धा नाही. आणि आमची पोरगी सांगितलेलं तंतोतंत पाळते. त्यात बापावर गेलीय.”

मीही हसायची तयारी केली होती. तेवढ्यात ती म्हणाली, “आता मात्र मला काळजी वाटायला लागलीय. काल झोपताना विचारत होती, ‘आई, मी राहायचे ते माद्रिद दुसरं होतं का?’”

हसायची तयारी तोंडातच राहिली.

“तुम्ही नक्की कुठे होतात, बाई? वालेन्सियाला का? तिथे आहे समुद्र. हिच्या ऐकण्यात काही चूक झाली असेल.”

किती सुंदर दार उघडून दिलं होतं तिने! वालेन्सिया. एक शब्द, आणि मी पलीकडे. चूक त्या मुलीच्या कानांची. मी खरंच ‘वा’पर्यंत आले होते. मग मैदानातून ती धापा टाकत आली, मला बघून थांबली आणि आजीने शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात जोडून म्हणाली, “येते, बाई.” मी ‘वा’ गिळला आणि म्हटलं, “शनिवारी सांगते. सगळ्यांनाच सांगते.”

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. टेबलावर माझा नोकरीचा अर्ज होता.

“त्या मुलीचे वडील शनिवारी शेवटच्या तासाला येणार आहेत. मुलांना स्पेनबद्दल सांगायला. मीच बोलावलंय.”

“वा,” मी म्हटलं.

“मुलं म्हणतात, तुम्ही माद्रिदला समुद्रकाठी राहायचात.” त्यांनी अर्जावर बोट टेकवलं. “इथे तुम्ही भोसरी लिहिलंय.”

“हो.”

“भोसरीलाही समुद्र नाही.”

“नाही.”

“शनिवारी शेवटचा तास सव्वादहाला सुरू होतो. ते साडेदहाला येतील. तेवढी पंधरा मिनिटं वर्ग तुमचाच आहे.”

शुक्रवारी मी आरशासमोर तालीम केली. आधी कल्पनाशक्तीवर थोडं बोलायचं, मग थोडं विनोदी, मग हळूच मुद्द्यावर. शनिवारी उभी राहिले तर प्रस्तावना कुठल्या कुठे गेली.

“मी स्पेनला कधीच गेलेले नाही,” मी म्हटलं.

पंखा कुरकुरत होता. छत्तीस अधिक एक चेहरे माझ्याकडे बघत होते.

“म्हणजे या वर्षी?” बुरूड आळीवाल्याने विचारलं.

“कधीच नाही.”

“एकदापण?”

“एकदापण नाही. आणि माद्रिदला समुद्र नाही. मी खोटं सांगितलं.” मी दुसऱ्या बाकाकडे वळले. “तुला माहीत होतं ते बरोबर होतं. तुझ्या बाबांचंही बरोबर होतं. तू राहायचीस तेच खरं माद्रिद. तुला माझ्यामुळे उगीच त्याच्यावर शंका घ्यावी लागली. माझं चुकलं.”

ती हसली नाही. तिचे कान फक्त लाल झाले.

मग प्रश्न सुटले. समुद्राचं दुःख कोणाला फारसं झालंच नाही, याचं मला आजही नवल वाटतं. सगळ्यांना काळजी होती ती घरमालकिणीची. ती खरी होती का? खरी, पण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. मांजर? मांजर शंभर टक्के खरं. अहोजाहो? तेही खरं. “मग चालेल,” असं मागच्या बाकांवर कोणीतरी म्हणालं, आणि मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात तांबट आळीवालीने तिची स्पॅनिशची वही मिटली.

“बाई, मग शब्द खरे आहेत का?”

“कुठले शब्द?”

“सगळे. आग्वा म्हणजे पाणी. ते खरंच पाणी का? का तेपण तुम्ही बनवलंय?”

हे माझ्या तालमीत नव्हतं. मी ‘हो’ म्हणू शकत होते, पण माझं ‘हो’ त्या क्षणी कोणी फुकटही घेतलं नसतं. जूनपासूनचं सगळं, पाढ्यांच्या चालीतलं, मांजराच्या शेपटीला बांधलेलं, एका मुलीने भांड्यावर टिचकी मारावी तसं वाजवून बघितलं होतं, आणि आवाज कसा येतोय ते मलाच कळत नव्हतं. आजूबाजूला आणखी वह्या मिटायला लागल्या.

आणि मग, कोणीही न सांगता, सगळ्या माना दुसऱ्या बाकाकडे वळल्या.

ती माझ्याकडे बघत राहिली. बाईंना उलटून बोलायचं नाही.

“मी म्हणते म्हणून नको सांगूस,” मी म्हटलं. “तुला जे माहीत आहे ते सांग. मी चुकले असेन तर चूक म्हण.”

ती उभी राहिली.

“आग्वा!” तांबट आळीवालीने पुकारा केला.

“खरं.”

“मेसा!”

“खरं.”

“वेंताना! गातो म्हणजे मांजर! लेचे म्हणजे दूध!”

“खरं. खरं. खरं.”

प्रत्येक शब्दाआधी ती थोडी थांबायची, आणि तेवढ्यात माझी चोवीस वर्षं जागेवर उभी राहून घाम पुसायची. वर्ग आता बाकांवर गुडघे टेकून उभा होता.

“सिंको!” म्हणजे पाच.

ती थांबली. “खरं. पण असं नाही म्हणत. थिंको म्हणतात.”

तिने बाईंची चूक काढली होती, बाईंच्या तोंडावर, आणि छत जागच्या जागी होतं.

“मग सिंको खोटं?”

तिने विचार केला. “अर्धं.”

“माझे पंप चिलीला जायचे,” मी म्हटलं. “तिकडे सिंको म्हणतात.”

“बाई, तुम्ही मध्ये बोलू नका,” तांबट आळीवाली म्हणाली. “तुमच्यावरच चाललंय.”

मग अपेक्षेप्रमाणे बुरूड आळीवाल्याने छाती भरून घेतली. “एम्पाकेतादूरा!”

“खोटं!” ती म्हणाली. मोठ्याने, खणखणीत, आनंदाने. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुठल्या बाईंना तिने खोटं ठरवलं होतं.

“अगं, खरं आहे!” मी ओरडले. “चोवीस वर्षं तेच केलं मी!” पण वर्गात इतका हल्लकल्लोळ झाला होता, की माझं कोणी ऐकेना. याच वेळी दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे चौकटीत वाकून उभा असलेला एक उंच माणूस, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

“काका!” बुरूड आळीवाला धावला. “एम्पाकेतादूरा खरं की खोटं?”

पाहुण्याने बहुधा स्वागताला गुलाबाचं फूल अपेक्षिलं असेल. त्याने प्रश्न नीट ऐकला, लेकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“खरं,” तो त्याच्या हळू, पायऱ्या उतरल्यासारख्या मराठीत म्हणाला. “पंपात असतं.”

मी त्याला मिठी मारली नाही, यात माझ्या संस्कारांचा मोठा वाटा आहे.

मुलगी त्याच्याकडे धावत गेली आणि भराभर स्पॅनिशमध्ये बोलू लागली. त्या वर्गात माझ्याशिवाय कोणी स्पॅनिश बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला सगळं कळत होतं, एकाही झडपेशिवाय.

“बाबा, समुद्र नाहीये. बाईंनी सांगितलं.”

“मीपण सांगितलं होतं,” तो म्हणाला. “पंधरा दिवस.”

“हो, पण तू बाई नाहीस.” मग जरा थांबून, त्याच्या बॅगेचा पट्टा ओढत, “आणि मला माहीत होतं.”

“शिक्षा!” मागून आवाज आला. मी मोठ्या बाईंकडे बघितलं. आमच्या शाळेत खोटं बोलणाऱ्याने खरं वाक्य फळ्यावर दहा वेळा लिहायचं असतं.

“नियम आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मला खडू दिला.

मी लिहायला लागले. एन माद्रिद नो आय मार. माद्रिदला समुद्र नाही. मागे छत्तीस आवाज मोजत होते, अर्थात पाढ्यांच्या चालीत. उनो. दोस. त्रेस. क्वात्रो. पाचव्याला वर्ग फुटला, अर्धे सिंको म्हणाले, अर्धे थिंको. सहाव्याला पुन्हा जुळला. दहावं वाक्य लिहून मी वळले तर बुरूड आळीवाल्याचा हात वर होता.

“पण मग घरमालकीण संध्याकाळी कुठे जायची?”

मला उत्तर द्यायचा अधिकार राहिला नव्हता, एवढं मलाही कळत होतं.

“नदीवर,” ती मुलगी म्हणाली. “नदी आहे तिथे. छोटी.”

“आपल्या मुठेएवढी?”

तिने डोळे बारीक करून मोजलं. “मुठेएवढी. पण आत फेकलेल्या गाद्या नाहीत.”

मोठ्या बाईंना खोकला आला. पाहुण्याने बॅग खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली. ती काही तो आज उघडणार नव्हता.

“मांजर जातं तिच्याबरोबर?” तांबट आळीवालीने विचारलं.

“जातं,” ती म्हणाली आणि दोन पावलं पुढे आली. मग आणखी दोन, फळ्यापर्यंत. “पण ते पुढे चालतं. खूप पुढे. आणि पूल आला की बसतं. मग ती म्हणते, अहो, चला ना. तर ते नाही येत.”

मी खडू ठेवला आणि दुसऱ्या बाकावर तिच्या जागेवर जाऊन बसले. गुडघे बाकाखाली मावेनात. काही विचारावं म्हणून मी जरा पुढे वाकले, तर शेजारच्या मुलाने मला सरकून जागा करून दिली आणि कानात कुजबुजला, “बाई, आता बोलू नका.”